टोबॅगोतलं लाल पट्ट्याचं झाड

टोबॅगो बेटावर सुट्टीला जाणारं आपल्या तालुक्यातून दुसरं कोणी निघेल असं मला वाटत नाही. तरीही लिहितो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाह्यलं?" मी "समुद्र" एवढंच म्हणतो. समुद्र पाहिला म्हणजे नेमकं काय पाहिलं, हे चहा संपायच्या आत सांगून होत नाही. आणि पोरीच्या डोळ्यांचं काय झालं होतं ते तर गावात अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही.

आम्ही तिथं पोचलो कसे, ते आधी सांगतो. मी सहावीतून शाळा सोडली. साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या उतरवायला लागलो आणि चौदा वर्षांनी पॅनवर आलो. पॅन म्हणजे रस आटवून साखर करायचं घराएवढं बंद भांडं. त्याला काचेची खिडकी असते. तिच्यातून बघायचं, थोडा पाक काढून दोन बोटांत चोळायचा आणि दाणा धरला की नाही ते ओळखायचं. हे पुस्तकातून येत नाही, म्हणून माझी सहावी मला पुरली. आमचे केमिस्ट साहेब त्रिनिदादच्या एका कारखान्यात करारावर गेले तेव्हा म्हणाले, "माझ्या पॅनवर मला माझा माणूस पाहिजे." असा मी दोन हंगामांसाठी सातासमुद्रापलीकडं गेलो. राहायला क्वार्टर मिळालं म्हणून बायको हौसा आणि मुलगी शोभा, वय वर्षं सात, दोघींनाही नेलं. साहेबांचं नाव घेतलं की अजूनही माझे हात जोडले जातात. त्या वर्षी आमच्या पाथर्डीकडं पाऊस नव्हता. घरून पत्र यायचं त्यात आधी विहिरीची खबर असायची, माणसांची नंतर.

तिकडं गळीत संपलं की कामगार बायका-पोरांना घेऊन समुद्रावर जातात. देवाला नाही, लग्नाला नाही, नुसतेच जातात. बसतात, पोहतात, खातात आणि परत येतात. मला हे कळायला वेळ लागला. कारखान्यात बिसराम नावाचा फिटर माझा दोस्त होता. त्याचा आजा हिंदुस्थानातून तिकडं ऊस तोडायला गेलेला, त्यामुळं त्याला दहा-बारा हिंदी शब्द येत. तो म्हणाला, "टोबॅगोला जा. माझ्या ओळखीच्या बाईकडं खोली आहे. नो वरी, मॅन." माझी वरी नेमकी तिथूनच सुरू झाली.

कारण मी कोरड्या मुलखातला. पाणी मी नेहमी विहिरीच्या तळाला, वरून वाकून पाहिलेलं. हौसा मात्र अकोल्याकडची, भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला प्रवरेकाठी वाढलेली. ती पाच वर्षांची असताना भोपळा बांधून नदीत पडली आणि सहाव्या वर्षी भोपळा सोडला. मी बाजारातून वीस हात सुती दोर आणला तेव्हा ती म्हणाली, "ह्यो कशाला? म्हैस न्यायची हाय का बरूबर?"

"शोभाच्या कमरंला बांधायला. पान्यात गेली तर एक टोक माज्या हातात."

"आन् तुमच्या कमरंला?"

"मी पान्यात जातोय कशाला?"

मिस इर्माचं घर

बोटीचा प्रवास सांगत नाही. मी तो पूर्ण वेळ बादलीत तोंड घालून केला.

सकाळी डोंगराच्या कुशीतलं बंदर आलं आणि तिथून मोटारीनं अर्ध्या तासात मिस इर्माच्या घरी. घर लाकडी, चार खांबांवर उचललेलं, खाली कोंबड्या. पायऱ्या उतरलं की अंगण, अंगण संपलं की नारळ, नारळ संपले की तो. समुद्र. कुंपण नाही, बांध नाही. आपल्याकडं ओढ्याला लागून घर असलं तरी माणूस मध्ये दगड रचतो. इथं जगातलं सगळं पाणी दाराशी येऊन उभं, आणि मिस इर्मा त्याच्याकडं पाठ करून निवांत मासे सोलतेय!

मिस इर्मा काळी, उंच, साठीची. आवाज असा, की हाक मारली तर कोंबड्या थांबायच्या. नवरा खलाशी होता, गेला. मुलं इंग्लंडात. हौसाला ती पहिल्या तासापासून "डूडू" म्हणू लागली. तिकडं लाडक्या माणसाला तसं म्हणतात. हौसाला वाटलं, दूध मागतेय. तिनं स्टोव्हवरचं पातेलं उचलून तिच्यापुढं धरलं. दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या आणि तिथून पुढं त्यांचं सगळं जमलं, भाषा नसताना.

दुपारी जेवायला हिरवं पातळ काहीतरी आलं. हौसानं बोट बुडवून चाखलं आणि ओरडली, "अवो, हे तर अळूचं फदफदं!" खरंच अळू होतं. फरक एवढाच, की चिंच-गुळाऐवजी नारळाचं दूध आणि तळाशी अख्खा खेकडा. खेकडा दिसल्यावर हौसाला माहेर आठवलं. तिनं नांगी अशी फोडली, की मिस इर्मानं टाळ्या वाजवल्या. मी मात्र अळूत खेकडा बघून बराच वेळ विचारात पडलो. मग खाल्लं. मग पुन्हा घेतलं.

जेवण झाल्यावर मिस इर्मानं मला पायरीवर बसवलं आणि एकेक बोट मोडत जपायच्या गोष्टी सांगितल्या. पाहुणा आला की ती हे सांगतेच. मी काळजीवाला माणूस, मला बरं वाटलं. ऊन डोक्यावर असताना वाळूत बसू नका. नारळाखाली झोपू नका, एक नारळ पडला तर माणूस उठत नाही. पाण्यात दगडावर पाय देऊ नका, काळा काटेरी गोळा असतो, त्याचे काटे पायात मोडतात. आणि लाटा फुटतात तिथं नाही, दोन लाटांच्या मध्ये पाणी गप्प दिसतं तिथं जपा; ते पाणी माणसाला आत ओढून नेतं.

हे चार नियम मला कळले, कारण तिनं हातवारे करून दाखवले. पाचवी गोष्ट सांगताना तिच्या भाचीनं हाक मारली म्हणून ती उठत उठत भरभर बोलली. माझ्या कानात चार शब्द आले. रेन. रेड. ट्री. अंडर. इंग्रजी शब्द मला ओळखू येत, पण त्यांच्यामधले बारीक शब्द निसटून जात. मी "यस, यस, थँक्यू" म्हणालो. कारखान्यातही मी असाच "यस" म्हणत असे. पुन्हा विचारायला लाज वाटे. सहावीवाल्या माणसाला ही लाज जन्मभर पुरते.

मनात मी त्या चार शब्दांचा अर्थ लावला. पाऊस आला तर लाल झाडाखाली जा. चांगलं सांगितलं बाईनं, असं म्हणून मी तो नियम दोरीच्या शेजारी मनात ठेवून दिला.

काचेच्या तळाची होडी

दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते सांगायला मला शब्द कमी पडतात.

तिथं होड्या असतात, त्यांच्या तळाला काच बसवलेली. किनाऱ्यापासून लांब, पाण्यातल्या दगडी बागेवर नेतात. मी जाणार नव्हतो. शोभा रडली, हौसा म्हणाली, "तुमी ऱ्हावा, आमी जातो." मग मी गेलो, दोर शोभाच्या कमरेला आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन. होडीवाला म्हणाला, "मिस्टर, होडी बुडाली तर आता दोघं एकत्र जाल." सगळे हसले. मीही हसलो, पण वेढे सोडले नाहीत.

मग त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "बघा."

मी वर्षानुवर्षं काचेतून बघतोय. काचेपलीकडं उकळता पाक आणि त्यात जन्माला येणारा दाणा, तेवढंच माझं पाहणं. इथं मी त्याच सवयीनं वाकलो आणि काचेखाली गाव होतं. दगडाची झाडं, त्यांना फांद्या, हरणाच्या शिंगांसारख्या. मेंदूसारखे गोल दगड, त्यांच्यावर रेघा. जांभळे पंखे डोलत होते, वारा नसताना. आणि मासे! हळदीसारखे पिवळे, निळे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. एक हिरवा, ओठ माणसासारखे, दगड कुरतडत होता आणि त्याचा कुर्र आवाज काचेतून येत होता. कुणीही कुणाला घाबरत नव्हतं. शोभा काचेवर पालथी पडली होती. तिनं विचारलं, "अण्णा, ह्यांना कोन पानी घालतं?"

माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

पुढं समुद्राच्या ऐन मध्यात होडी थांबली आणि माणसं खाली उतरली, तर पाणी कमरेएवढं! चहूकडं खोल निळं आणि मध्ये पांढऱ्या वाळूचा ओटा. माणसं समुद्रात उभी राहून गप्पा मारत होती, पारावर मारतात तशा. हौसा लुगड्याचा कासोटा घट्ट करून उतरली आणि दोन हात मारून पार पलीकडं गेली. पोहायचे कपडे घातलेल्या तिथल्या बायका बघत राहिल्या. एकीनं तर कासोट्याला हात लावून कसा घालायचा ते विचारलं. मी होडीतच राहिलो. पण एक गोष्ट केली. कडेवरून वाकून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. कोमट होतं, आणि माझी पाचही बोटं मला तळहातावरच्या रेषांसकट स्पष्ट दिसली.

पाऊस

तिसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यानं चालत एका रिकाम्या वळणावर गेलो. एका बाजूला खडक, एका बाजूला झाडी, माणूस नाही. हौसा पाण्यात. शोभा कडेला शिंपले वेचत होती, दोराला बांधलेली. मी सावलीत बसून दोर धरून. गप्प पाणी कुठं दिसतं ते मी दर दोन मिनिटांनी तपासत होतो. डोक्यावर नारळ नाही हे पाहून बसलो होतो. चारही नियम पाळले होते.

पाऊस तिकडं न विचारता येतो. ऊन असतानाच सर आली, जाड थेंबांची. मी दोर ओढला, शोभाला उचललं आणि आसरा शोधला. तीसेक पावलांवर एक डेरेदार झाड होतं, हिरवंगार, चकचकीत पानांचं. आणि त्याच्या बुंध्याला, छातीएवढ्या उंचीवर, लाल पट्टा.

आता मला सांगा, आपल्या माणसानं काय समजावं? आमच्या शिवारात लिंबाखाली म्हसोबा आहे. दगडाला शेंदूर, आणि शेंदराचा हात झाडाच्या बुंध्यालाही. त्या झाडाची फांदी कुणी तोडत नाही, त्याच्याखाली कुणी खोटं बोलत नाही. वळवाच्या गारा आल्या तर गुराखी गुरांसकट त्याच्याच खाली जातात आणि त्यांना काही होत नाही. सातासमुद्रापलीकडं, परक्या वाळूत, मला लाल लावलेलं झाड दिसलं आणि माझ्या पोटातली तीन दिवसांची भीती एकदम खाली बसली. इथंही हाय म्हणायचा! आणि मिस इर्मानं सांगितलंच होतं. रेन, रेड, ट्री, अंडर.

मी चपला बाहेर काढल्या. बुंध्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला. शोभालाही पाया पडायला लावलं. तिनं बुंध्यावर डोकं टेकलं.

"हौसा, ये हितं!" मी ओरडलो. "देवाचं झाड हाय!"

"मी वलीच हाय की!" ती पाण्यातून ओरडली. "पावसात पवायला लई झ्याक लागतंय. तुमी बसा देवापाशी!"

आम्ही बसलो. पानांवरून पाणी गळत होतं, शोभाच्या केसांवरून, कपाळावरून, डोळ्यांत. ती डोळे मिटून तोंड वर करून हसत होती. खाली वाळूत फळं पडली होती, हिरवट पिवळी, पेरूच्या पिल्लासारखी. वास इतका गोड, की भूक लागावी. शोभानं एक उचललं आणि तोंडाकडं नेलं.

"ठेव खाली," मी म्हणालो. "देवाच्या झाडाचं फळ इचारल्याबिगर खायाचं नस्तं."

"कुनाला इचारायचं?"

"मिस इर्माला. घरी गेल्यावर."

तिनं तोंड वाकडं केलं आणि फळ टाकलं.

पाऊस थांबला. हौसा आली. पाच-सात मिनिटं झाली असतील, शोभा डोळे चोळू लागली. वाळू गेली असेल म्हणून मी माझ्या हातानं पुसले. त्याच हातानं, जो बुंध्याला लावला होता. मग माझं कपाळ चरचरलं, मान चरचरली, मिरचीचा खाट लागावा तशी. आणि शोभा किंचाळली. तसं किंचाळणं मी आजवर एकदाच ऐकलं होतं, कारखान्यात एकाच्या पायावर उकळता पाक सांडला तेव्हा. तिच्या पापण्या माझ्यादेखत सुजून मिटल्या.

"अण्णा, दिसंना! अण्णा, दिसंना मला!"

हौसानं मला एका हातानं बाजूला लोटलं, पोरीला खांद्यावर टाकलं आणि धावली. मी मागं. दोर अजून शोभाच्या कमरेला होता, वाळूतून फरफटत येत होता आणि मी त्याच्यावरच पाय देऊन एकदा पडलो.

मिस इर्मानं अंगणातूनच आम्हाला पाहिलं. माझ्या कपाळावरचे फोड पाहून तिला न सांगता कळलं. "मँचिनील!" असं त्या झाडाचं नाव घेऊन ती ओरडली आणि पिंपाकडं धावली. शोभाला आडवं घातलं, पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतायला लागली. एक बादली, दुसरी बादली, तिसरी. पाणी अंगणातून वाहत नारळांकडं चाललं होतं. आणि माझा हात, मी काय सांगू, माझा हात आपोआप बादलीवर गेला. "पुरे," मी म्हणालो. आमच्याकडं एवढ्या पाण्यात घर चार दिवस काढतं, ते बोललं माझ्यातलं. हौसानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी हात काढला आणि स्वतःच पिंप कलतं करून पाणी भरायला लागलो.

दवाखाना

मिस इर्माच्या शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही गावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तिथलेच, काळे, सडपातळ, चष्मा लावलेले. त्यांनी पुन्हा डोळे धुतले, थेंब घातले, आणि पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "तिनं फळ खाल्लं?"

"नो."

"नक्की? चावलं? जिभेला लावलं?"

"नो. गॉड ट्री. नो ईट." याहून जास्त इंग्रजी मला त्या वेळी सुचेना.

ते थांबले. मग सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून त्यांनी मला समजावलं. त्या झाडाचा चीक विषारी. पावसात पानांवरून गळणारं पाणीही भाजतं. लाल पट्टा सरकारी माणसं मारतात, लोकांनी त्याच्याजवळ जाऊ नये म्हणून. आणि ते फळ एक घास खाल्लं असतं, तर घसा सुजून पोर दवाखान्यात पोचलीच नसती.

मिस इर्मानं मला बाकावर बसवलं. लाल म्हणजे आमच्याकडं काय, ते मी तिला मोडकंतोडकं सांगितलं. मग ती म्हणाली, "तुझा देव त्या झाडात नव्हता, मिस्टर. पण फळ खाली टाकायला लावलं, तेव्हा तो होता."

डॉक्टरांनी शोभाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. माझ्या हातांना मलम लावून फडकं गुंडाळलं. "दिसेल ना?" मी विचारलं. ते म्हणाले, बहुतेकांना दिसतं. डोळ्याच्या वरच्या पडद्याला किती भाजलंय ते तीन दिवसांनी पट्टी काढल्यावर कळेल. बहुतेकांना, असं ते म्हणाले होते. मला त्यातून उरलेले, न दिसणारे, तेवढे ऐकू आले.

घरी आल्यावर हौसानं शोभाच्या कमरेचा दोर सोडला आणि माझ्यापुढं टाकला.

"पान्याला भ्यालात तुमी. तीन दिस नुसतं पानी, पानी. आन् चावलं कोन? झाड. बरं तुमी म्हनाला आसता न्हाई समजलं, तर ती बाई पुन्यांदा सांगत न्हवती का? 'यस' म्हनायची लईच हौस!"

थोड्या वेळानं तिनं वाटीत खोबरेल घेतलं आणि माझ्या मानेवरच्या फोडांना पिसानं लावत बसली.

दोन दिवस

चौथा आणि पाचवा दिवस मी ओसरीवर, शोभाचं डोकं मांडीवर घेऊन काढले. डॉक्टरांनी तिला हलायचं नाही, रडायचं नाही, असं सांगितलं होतं. रडली तर डोळे झोंबत. आता सात वर्षांचं पोर, डोळ्यांवर पट्टी, किती वेळ गप्प बसणार?

"अण्णा, काय दिसतंय तुमाला?"

"समुद्र."

"कसा हाय?"

आणि मला सांगता येईना! तीन दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होतो, पण चोरावर ठेवतात तशी. तो दिसतो कसा हे मी पाहिलंच नव्हतं. मग मी पाहायला लागलो, तिच्यासाठी.

"कडंला," मी म्हणालो, "ताकावरची निवळ असती ना, तसं पानी हाय. तळातली वाळू दिसती. तिच्याम्होरं मोरचुदाचा रंग. आपन द्राक्षाच्या बागंत बघितलं हुतं, पिपात कालवलेलं, तसा. मंग निळीचं पानी. आन् सगळ्यात लांब, जिथं आभाळ टेकलंय, तिथं जांभळागत काळं."

"किती लांब?"

"करंजीच्या घाटातून पार नगरच्या किल्ल्यापत्तूर."

"त्याच्याम्होरं?"

"त्याच्याम्होरंबी त्योच."

ती विचार करत राहिली. मी सांगत राहिलो. एक पक्षी आला, बगळ्याच्या तिप्पट, चोचीखाली पिशवी. उंचावरून पंख मिटून धोंड्यासारखा पाण्यात पडला आणि पिशवी भरून वर आला. मी ओरडलोच. शोभा म्हणाली, "पुन्यांदा पडला तर आधी सांगा." मग मी तो पडायच्या आधी "आता!" म्हणायला शिकलो आणि ती पाण्याचा आवाज ऐकून टाळी वाजवायची.

दुपारनंतर गावातली माणसं जाळं ओढायला आली. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, मध्ये अर्धा समुद्र. म्हातारे, बायका, पोरं, जो आला तो दोराला हात लावत होता. कुणी मजूर नव्हतं, कुणी मालक दिसत नव्हता. एक गाणं म्हणे, बाकीचे ओढत. हौसाही जाऊन लागली. शेवटी जाळं वाळूवर आलं, तेव्हा आत चांदी उकळत होती. मी शोभाला म्हणालो, "पॅनमधी दाना धरतो ना, सगळा एकदम, तसं." ओढणाऱ्या प्रत्येकाला मासे मिळाले. हौसालाही ओच्यात घातले. वाटेनं जाणारे येणारे ओसरीपाशी थांबून "गुड आफ्टरनून" म्हणत आणि पोरीचं विचारत. ओळख ना देख. एका म्हातारीनं तिच्या पट्टीवर हात न लावता, वरूनच, हवेत हात फिरवून काहीतरी म्हटलं आणि गेली.

मावळतीला समुद्राचा रंग बदलला तेव्हा मला सांगणं जमेना. एकदम एवढे रंग, आणि सगळे हलणारे. मी गप्प झालो.

"अण्णा? थांबला का समुद्र?"

"न्हाई. मीच थांबलो."

"मंग सांगा की."

मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि वाटलं, हे तिनं स्वतः पाहायला पाहिजे. माझ्या तोंडून नाही. मग मी काय काय नवस केले, कुणाकुणाला, ते लिहीत नाही.

सहावा दिवस

डॉक्टरांनी खोलीची खिडकी अर्धी लोटली. मिस इर्मा दाराशी उभी, टोपी हातात. हौसानं शोभाचा हात धरला होता. पट्टीचे वेढे सुटत गेले. खालचा कापूस निघाला. पापण्या चिकटल्या होत्या. त्यांनी त्या ओल्या बोळ्यानं सावकाश पुसल्या.

शोभानं डोळे उघडले. मिटले. पुन्हा उघडले. पळसासारखे लाल. ती समोर बघत होती, पण बघत होती की नुसतं तोंड तिकडं होतं, मला कळेना.

डॉक्टर तिच्यापुढं स्टुलावर बसले आणि हात वर केला. "हाऊ मेनी, डार्लिंग?"

शाळेत जाऊन तिला एवढं इंग्रजी येत होतं. पण उत्तर आलं ते मराठीत.

"तीन."

डॉक्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं, काय म्हणाली? मला थ्री हा शब्द येतो. तीन नंबरचा पॅन माझाच होता, दिवसातून पन्नास वेळा मी तो म्हणत असे. तरी मी फडकं गुंडाळलेला हात वर केला आणि तीन बोटं कशीबशी सुटी करून दाखवली.

हौसा मटकन खाली बसली. मिस इर्मानं छताकडं बघत मोठ्यानं कुणाचे तरी आभार मानले. डॉक्टर हसले, पण हात त्यांनी खाली घेतला नव्हता, आणि शोभा अजून तिकडंच बघत होती, भुवया गोळा करून.

"अण्णा," ती म्हणाली, "त्यांच्या मधल्या बोटाला शाई लागलीया."

मी डॉक्टरांना खुणेनं दाखवलं. त्यांनी बोट उलटं करून पाहिलं, मग उजेडाकडं धरलं. नखाच्या कडेला तिळाएवढा निळा ठिपका होता. मी इतका वेळ त्याच हाताकडं बघत होतो, मला तो दिसलाच नव्हता.